पिवळे, धुरकट हेडलाइट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या धायरीच्या सोसायटीत रविवारी सकाळी कोणी ना कोणी स्वतःच्या गाडीसमोर उकिडवं बसून दिव्याकडे टक लावून बघत असतं. मग मला हाक येते. घरच्या दोन गाड्या, भावाची एक आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बऱ्याच, एवढे दिवे आजवर घासून झाले. हा माझा धंदा नाही, नुसती खाज आहे. पण प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

काच कधी पिवळी पडते का? मग हेडलाइटचीच का पडते?

कारण ती काच नाही. म्हणताना आपण सगळे काचच म्हणतो, मीही पुढे म्हणणार आहे, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड बसला की तडकायची, पण वीस वर्षांनीही पिवळी व्हायची नाही. पॉलिकार्बोनेट हलकं असतं, हव्या त्या आकारात ओतता येतं आणि दगडाला सहज दाद देत नाही, म्हणून कंपन्या त्याच्याकडे वळल्या. त्याचे दोष दोन. वरचा पृष्ठभाग मऊ असतो, लगेच ओरखडतो. आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत.

म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर दिलेला असतो, केसापेक्षाही कितीतरी पातळ. नव्या गाडीची चकाकी त्या थराची असते. ऊन वर्षानुवर्षं तो थर खात राहतं. मग त्याला बारीक भेगा पडतात, पापुद्रे सुटतात, आणि खालचं उघडं प्लास्टिक उन्हात पिवळं पडायला लागतं. पांढरट, खरबरीत, नकाशासारखे डाग दिसले तर तो सुटत चाललेला थर आहे. एकसारखा पिवळेपणा असेल तर ते प्लास्टिक आहे. बहुतेक दिव्यांत दोन्हीची भेळ असते.

पुण्यात याला आणखी दोन गोष्टींचा हातभार लागतो. पहिली, रोज पहाटे गाड्या पुसणारे. एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात. दुसऱ्या गाडीपासून त्या फडक्यात माती असते आणि ती तुमच्या दिव्यावरून फिरते. दुसरी गोष्ट टँकरचं किंवा बोअरचं पाणी. जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे गोल डाग धरतात, आणि ते डाग घालवायला माणूस आणखी जोरात घासतो.

एकच दिवा जास्त पिवळा आहे. अपघाताची गाडी गळ्यात मारली का मला?

शक्य आहे, पण आधी गाडी कुठे, कोणत्या तोंडाने उभी असते ते बघा. एक बाजू भिंतीच्या सावलीत आणि दुसरी दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात असेल तर दिवे सारखे म्हातारे होत नाहीत. माझ्या पहिल्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा निदान दोन वर्षांनी थोरला दिसायचा. आता मी महिन्यातून दोनदा गाडी उलट्या तोंडाने लावतो. बायको हसते.

दोनपैकी एक दिवा अगदीच कोरा करकरीत असेल तर मात्र तो बदललेला आहे. का बदलला, ते विकणाऱ्याला विचारा.

प्रकाश खरंच कमी होतो, की नुसतं दिसायला वाईट?

खरंच कमी होतो. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुने, पिवळे दिवे मोजून पाहिले. नव्याच्या मानाने जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास प्रकाश रस्त्यावर पडत होता. तेच दिवे घासून नीट केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे घासून दिवा शंभर टक्के नवा होत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरं नुकसान कोणी मोजत नाही. धुरकट काच प्रकाश अडवते, शिवाय विखुरतेही. जो झोत खाली रस्त्यावर पडायला हवा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री पावसात ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना आपल्याला पांढरा पट्टा दिसत नाही आणि समोरचा आपल्याला अप्पर मारून शिव्या देतो, तेव्हा दोन्हींचं कारण एकच असू शकतं.

घासायला घेण्याआधी काही तपासायचं का?

हो. बहुतेक जण हेच विसरतात. काच धुवा आणि तिच्यावर भरपूर पाणी ओता. ओली असताना ती बऱ्यापैकी पारदर्शक दिसली तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे. पाणी बारीक ओरखड्यांत भरतं म्हणून तेवढ्यापुरतं स्वच्छ दिसतं. काम झाल्यावर दिवा साधारण तसाच दिसेल, म्हणजे फुकटात नमुनाही बघून झाला.

ओली असूनही काच तशीच धुरकट राहिली तर खराबी आत आहे. आतल्या बाजूने धुराची पुटं धरलेली असतील, रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा जळून काळपट झाला असेल, नाहीतर प्लास्टिकच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील. या तिन्हींवर बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. अशा दिव्यावर माझा अख्खा एक रविवार वाया गेला आहे. तेव्हा ही पाण्याची युक्ती मला माहीत नव्हती.

आत पाणी साचलंय. हेच काम का?

नाही, ते वेगळं दुखणं आहे. पावसाळ्यात काचेच्या आत थोडी वाफ धरली आणि दिवे लावल्यावर थोड्या वेळात उडाली, तर काळजी नको. दिव्याला हवा खेळायला बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी दिसत असेल किंवा दोन-तीन दिवस वाफ हटत नसेल, तर बोनेट उघडून दिव्याची मागची बाजू बघा. बल्ब बदलताना मागची रबरी टोपी नीट न बसवणं, किंवा सरळ काढून फेकणं, हा मेकॅनिक लोकांचा आवडता उद्योग आहे. कित्येकदा ती टोपी बसवली की प्रश्न मिटतो. टोपी जागेवर असेल तर काचेच्या कडेचं सील गेलेलं असतं, आणि ते काम घरचं नाही.

टूथपेस्टने होतं ना? व्हिडिओत तर झालं.

व्हिडिओ काढेपर्यंत होतं. टूथपेस्टमध्ये दात घासण्याइतकी बारीक पूड असते. ती वरचा हलका पिवळेपणा काढते आणि काच आठवडा-दोन आठवडे बरी दिसते. ज्या काचेचा मूळ थर सुटायला लागलाय तिच्यावर टूथपेस्टचं काही चालत नाही. पासिंगच्या आदल्या दिवशीचा जुगाड म्हणून ठीक आहे. मात्र जेल नको, पांढरी घ्या.

आणि डास पळवायचा स्प्रे? थिनर? पेट्रोल?

नको. नको. नको.

डास पळवायच्या काही मलमांत आणि स्प्रेंत डीट नावाचं रसायन असतं. ते पॉलिकार्बोनेट विरघळवतं. फडकं पिवळं होतं म्हणून आपल्याला वाटतं मळ निघाला. प्रत्यक्षात काचेचा वरचा भाग मऊ होऊन चोपडला जातो. दोन दिवस चकाकतं आणि नंतर आधीपेक्षा वाईट, चिकट धुरकटपणा येतो. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर थेट भेगा पाडतात, आणि त्या भेगा कोणत्याही पॉलिश पेपरने घासून जात नाहीत. पेट्रोलही लावू नका.

ऑनलाइन एक कप मिळतो, त्यात लिक्विड गरम करून वाफ द्यायची. पाच मिनिटांत नवी काच!

दिसते नवी, हे मान्य. त्या लिक्विडमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन किंवा तसलंच एखादं जहाल द्रावण असतं. त्याची वाफ प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवून सपाट करते. तीच वाफ तुमच्या नाकातही जाते. डायक्लोरोमिथेनमुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेचं वर्गीकरण सांगतं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तोंडाला रुमाल बांधून हे करणारे लोक मी पाहिलेत. रुमालाने वाफ अडत नाही. वर, या पद्धतीने उन्हापासून रक्षण करणारा थर मुळीच येत नाही, त्यामुळे काच पुन्हा पिवळी होणारच, आणि पुढे भेगा पडायचा धोका वेगळा.

बरं, मग सामान काय लागतं आणि मिळतं कुठे?

वॉटर पेपर, म्हणजे पाणी मारत घासायचा पॉलिश पेपर : ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबर. आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक. पहिले चार रंगाच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ३००० साठी गाड्यांच्या पेंटचं सामान विकणारं दुकान गाठावं लागतं. नाना पेठेत एका फेरीत सगळं होतं, फक्त पार्किंगची आशा धरू नका, रिक्षाने जा. शिवाय मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, पाण्याची स्प्रे बाटली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात नुसतं आयपीए म्हणा). घरात ड्रिल असेल तर त्याला लावायचा फोमचा पॅड घ्या. नसेल तर हाताने होतं, फक्त दुसऱ्या दिवशी चहाचा कप डाव्या हाताने धरावा लागतो.

आणि शेवटी वर द्यायचा यूव्ही थर, म्हणजे अतिनील किरण अडवणारा. तो कोणता, ते पुढे सविस्तर येतं. तो ठरल्याशिवाय पेपर हातात घेऊ नका.

नेमकं कसं करायचं? पहिल्यापासून सांगा.

गाडी सावलीत लावा. दिवे बंद आणि काच गार हवी. आधी काच शांपूने धुऊन घ्या, कारण मातीचा एखादा कण पेपरखाली राहिला तर नवीन ओरखडे तुम्हीच पाडाल.

मग टेप. काचेच्या चारही बाजूंनी बोनेटवर, बंपरवर, फेंडरवर दोन-तीन पदर लावा. एक पदर पुरेल असं मला वाटलं होतं. टेप ओला होऊन कोपऱ्यात उचलला गेला आणि हजार नंबरचा पेपर बंपरच्या रंगावरून गेला. तो बोटाएवढा ओरखडा अजूनही गाडीवर आहे.

सुरुवात कोणत्या नंबरने करायची, ते काच बघून ठरवा. नुसती हलकी पिवळी असेल तर १५०० पासून. पापुद्रे सुटले असतील तर ८०० किंवा १००० पासून. जितक्या बारीक नंबरने भागेल तितक्या बारकाने सुरुवात करा, कारण आधीच्या पेपरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या पेपरला काढावा लागतो. पेपर पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शांपूचे दोन थेंब टाका. पेपर बोटांनी दाबू नका, त्याने बोटांएवढे खड्डे पडतात. फोमच्या तुकड्यावर किंवा जाड स्पंजवर गुंडाळा आणि वजन न टाकता फिरवा. पाणी सतत मारत राहा.

आता ओघळाकडे लक्ष द्या, सगळं तोच सांगतो. सुरुवातीला पिवळट ओघळ येतो, तो जुना थर आणि खराब प्लास्टिक असतं. घासता घासता ओघळ दुधासारखा पांढरा होतो आणि हाताला कुठे अडखळत नाही, तेव्हा तो पेपर संपला समजायचं. त्याआधी पुढचा पेपर घेतला तर कडेला पिवळे द्वीपकल्प उरतात, आणि ते संपूर्ण काम झाल्यावरच दिसतात. बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. पहिल्या पेपरचा कंटाळा येतो. एकूण वेळेतला निम्मा वेळ पहिल्या पेपरला द्या.

पुढचे पेपर क्रमाने, एकही नंबर न गाळता. एक पेपर आडवा फिरवला तर पुढचा उभा. मग आधीच्या रेषा गेल्या की राहिल्या, ते डोळ्यांना कळतं. प्रत्येक पेपरनंतर काच धुवा, पुसा, वाळू द्या आणि मगच बघा. ओली काच नेहमी खोटं बोलते.

३००० नंतर कंपाउंड आणि मग पॉलिश. ड्रिल वापरत असाल तर वेग कमी ठेवा आणि पॅड एका जागी थांबवू नका. प्लास्टिक तापलं की मऊ होतं आणि त्यावर ढगासारखा डाग बसतो. काचेला हात लावून बघा, कोमट ठीक आहे, चटका नको. शेवटी आयपीएने पुसा, म्हणजे पॉलिशचं तेल निघून जातं. तेल राहिलं तर वरचा थर धरत नाही.

पहिल्यांदा करताय तर दोन दिव्यांना तीन तास धरा. एक दिवा पूर्ण करून मग दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही अर्धवट राहिले तर सोमवारी ऑफिसला रिक्षा.

घासल्यावर काच पांढरी दुधी झाली! फोन उचला!

तशीच व्हायला हवी. पुढचा पेपर घ्या.

वर काय लावायचं? आता तर आरशासारखी चमकतेय.

हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. घासून आपण दिवा नवा केला असं वाटतं. खरं म्हणजे कंपनीच्या थराचं जे काही उरलंसुरलं होतं, ते आपण काढून टाकलं. आता प्लास्टिक उघडं आहे आणि बाहेर पुण्याचा एप्रिल आहे. इथे थांबलात तर दोन-चार महिन्यांत काच पूर्वीपेक्षा पिवळी होईल. वर थर देणार नसाल तर घासूच नका, असं मी सांगतो, आणि लोकांना ते पटत नाही, कारण चमक तर आत्ता समोर दिसत असते. एका दुकानाने माझ्याच गाडीचे दिवे पॉलिश करून वर नुसतं वॅक्स फासलं होतं. दिवाळीला केलं, होळीला पिवळं.

पर्याय असे आहेत.

वॅक्स म्हणजे टोपी घालून उन्हात जाण्यासारखं, तेही कागदाची. दर महिन्याला लावायची तयारी असेल तर लावा.

फडक्याने पुसून लावायचं यूव्ही कोटिंग हा घरी जमणारा मार्ग. बाटलीवर हेडलाइट आणि यूव्ही हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं ‘नॅनो’, ‘सिरॅमिक’, ‘ग्लास शाइन’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. पाणी छान घरंगळतं म्हणजे ऊन अडतं असं नाही. एकाच दिशेने, एका दमात लावायचं आणि पुन्हा त्याच जागी फडकं फिरवायचं नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं.

टू-के क्लिअर म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात ती हार्डनर मिसळलेली क्लिअर. ही जास्त टिकते, दोन-तीन वर्षं तरी. हिच्यासाठी काच आरशासारखी चमकवायची गरज नसते. उलट १५०० किंवा २००० पर्यंत घासून दुधी ठेवायची. क्लिअर त्या ओरखड्यांत धरते आणि ते भरूनही काढते. पाणी ओतून पाहिलं होतं ना, तसंच. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि ते फुप्फुसांना घातक आहे. कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा नसेल तर घरी मारू नका. पार्किंगमध्ये तर नाहीच, वर पहिल्या मजल्यावर माणसं राहतात.

मी काय करतो ते सांगतो. घासण्याचं काम घरी करतो आणि ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला आधी विचारून ठेवतो की, बंपरला किंवा दाराला क्लिअर कधी मारणार आहेस. त्याच दिवशी गाडी नेतो. त्याच्या गनमध्ये क्लिअर तयारच असते, दोन दिव्यांना कितीशी लागणार! तो चहापाण्यावर करून देतो. दोन गोष्टी मात्र उभं राहून सांगाव्या लागतात : काच थिनरने पुसू नको, आयपीए मी आणलंय. आणि पहिला हात अगदी हलका मार, एकदम ओला नको, नाहीतर प्लास्टिकला भेगा पडतील. साधी, बिनहार्डनरची लॅकरची डबी मारून घेऊ नका. ती वर्षाच्या आत पापुद्र्यांनी निघते, आणि मग ती काढायचं काम आणखी मोठं.

शेवटचा पर्याय पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म. ऊन अडवते आणि एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकातून उडणारे खडेही झेलते. माझ्या मते सर्वांत उत्तम. पण काचेची वळणं जास्त असतील तर घरी लावताना हमखास सुरकुती पडते, कारागिराकडून लावून घ्या. स्टिकरवाल्याची स्वस्त व्हिनाइल फिल्म घेतली तर ती फिल्मच पिवळी पडेल.

रंगीत किंवा काळपट फिल्म कृपया नको. एवढी मेहनत उजेडासाठी केलीये.

पावसाळ्यात करू का?

घासायला हरकत नाही, पाणी फुकट. थर देऊ नका. दमट हवेत क्लिअर पांढुरकी पडते आणि पुसायच्या कोटिंगवर डाग राहतात. जुलैत उत्साह दाखवून मी एक जोडी पुन्हा घासली आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात सकाळी लवकर, कारण दुपारी कोटिंग फडक्यावरच सुकतं. थर दिल्यावर निदान २४ तास पाणी नको, आणि डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा. गाडी पुसणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पहाटे साडेपाचला तो तुमच्या आधी उठलेला असतो.

माझ्याकडे वेळ नाही. दुकानात दिलं तर काय विचारू?

एकच विचारा : “पॉलिशनंतर वर काय लावता?” वॅक्स, लिक्विड, ‘स्पेशल केमिकल’ अशी उत्तरं आली तर नमस्कार करून निघा. यूव्ही कोटिंग, क्लिअर किंवा पीपीएफ म्हणाले तर बाटली, डबा किंवा रोल दाखवायला सांगा. कपातली वाफ देणार असतील तरी निघा. भाव दुकानागणिक बदलतो. स्वस्त काम आणि चांगलं काम यांतला फरक बहुतेक वेळा त्या शेवटच्या थराचाच असतो.

त्यापेक्षा नवाच दिवा घेतला तर?

काच तडकली असेल, रिफ्लेक्टर जळला असेल, आतून भेगा असतील तर नवाच घ्या. लहान हॅलोजन गाडीचा दिवा काही हजारांत येतो, एलईडीवाल्याचा आकडा ऐकून खुर्ची शोधावी लागते. बाजारात मूळ कंपनीशिवाय इतरांचेही दिवे मिळतात. त्यांतले काही बरे असतात, काहींचा वरचा थर इतका हलका असतो की दोन उन्हाळ्यांत पुन्हा माझ्याकडे येतात. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधी चांगला जुना दिवा सापडतो, पण घेण्याआधी मागचे कान, म्हणजे दिवा गाडीला अडकवायचे तुकडे, बघा, तुटलेला कान चिकटवून विकतात.

इन्शुरन्समध्ये बसतं का?

पिवळेपणा बसत नाही, ती झीज धरतात. अपघातात दिवा फुटला तर बसतं, पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप घेतलं असेल तर ती कपात टळते.

घासण्याऐवजी जास्त वॉटचा बल्ब टाकला तर? किंवा एलईडी?

गढूळ पाण्यात मोठी बॅटरी मारली तर काय दिसतं? तेच. साधारण गाड्यांना ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब असतो. १००/९० टाकला की होल्डर वितळतो, वायरिंग तापतं, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि मग वर सांगितलेला ‘आतून खराब’ वाला प्रकार सुरू होतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला तर प्रकाश नेमक्या बिंदूवरून निघत नाही आणि झोत विस्कटतो. आपल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो, समोरच्याला काहीच दिसत नाही. आधी काच करा. मग हवे तर त्याच वॉटचे नवे बल्ब जोडीने बदला. जुने हॅलोजन मंद झालेले असतातच.

काम झाल्यावर झोताचं सेटिंग बघायचं का?

बघा. काच धुरकट होती म्हणून कोणीतरी कधीतरी झोत वर करून ठेवलेला असतो. हवा भरून घ्या, गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर लावा, डॅशबोर्डवरचा हेडलाइटचा डायल शून्यावर ठेवा. दिव्याच्या कव्हरवर किंवा जवळच्या स्टिकरवर बहुधा १.० किंवा १.२ टक्के असं लिहिलेलं असतं. एक टक्का म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर खाली, म्हणून पाच मीटरवर पाच. लोअर बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा तेवढी खाली आणि डाव्या बाजूला किंचित वर चढलेली दिसायला हवी. आपण डावीकडून चालतो, तो चढ फुटपाथकडचा माणूस दिसावा म्हणून असतो.

पुन्हा पिवळे होऊ नयेत म्हणून?

सावली. बाकी सगळं नंतर. झाड चालेल, पण खाली पक्ष्यांची शीट पडते, ती वाळू देऊ नका. कव्हर घालत असाल तर गाडी धुऊनच घाला. धुळीवर कव्हर वाऱ्याने हललं की तो मोठा पॉलिश पेपरच होतो. आणि त्या पहाटेच्या माणसाला दिव्यांसाठी वेगळं फडकं द्या. मी दिलंय. तो त्याने आरसेही पुसतो, तेवढं चालतं.

दुचाकीला हेच चालतं का?

चालतं. काच लहान, अर्ध्या तासाचं काम. व्हायझर असेल तर तो पॉलिकार्बोनेटचाच असेल असं नाही, आधी कोपऱ्यात करून बघा. हेल्मेटच्या काचेवर पेपर फिरवू नका, तिथे आरपार बघायचं असतं. ती नवी घ्या.

गाडी पंधरा वर्षांची होतेय, आरसी रिन्यू करायचीय. दिव्यांमुळे अडेल का?

पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवताना गाडी दाखवावी लागते आणि त्यात दिवेही बघतात. निरीक्षकाच्या हातात कारण देऊ नका. आठवडाभर आधी करून घ्या, आदल्या रात्री नको.

तुम्हीच करून द्याल का?

नाही. ड्रिल आणि पॅड उसने नेऊ शकता, पॅड धुऊन परत करा. ८०० पासून २००० पर्यंतचे पेपर माझ्याकडे पडलेले आहेत. ३००० चा संपलाय, तो तुमचा तुम्ही आणा.